दारातली काळी पट्टी

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. फोनवर माझं बोलणं दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. मध्येच खोकला येतो, आणि खोकला ऐकला की तू पलीकडून म्हणतेस, "राहू दे रे, बोलू नकोस, आराम कर," आणि ठेवून देतेस. काळजीने ठेवतेस, मला कळतं. पण सांगायचं ते राहून जातं. कागदावर खोकला ऐकू येत नाही. दमलो की पेन खाली ठेवतो, थोड्या वेळाने परत उचलतो. त्यामुळे अक्षर जागोजागी बदललेलं दिसेल, तेवढं चालवून घे. कल्याणहून डोंबिवलीला पत्र जातंय म्हणून पोस्टातली बाई संचिताला हसेल कदाचित. तुझी राखी कुरियरने आली तेव्हा तो कुरियरवाला पोरगा हसलाच होता. पाकिटावरचा पत्ता बघून म्हणाला, "डोंबिवली से? इतने में तो दीदी खुद आ जाती."

आधी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुला शोधत बसावं लागणार नाही. तू इथे यायला हवी आहेस. माझ्या घरी, माझ्याजवळ. मला खोकला सुरू झाल्यापासून तू आमच्या दाराशी आलेली नाहीस. भाऊबीजेला तू व्हिडिओवर ओवाळलंस. निरांजनाचा उजेड तुझ्या मोबाइलवर असा काही पडला की मला तू दिसलीच नाहीस, नुसता पिवळा गोळा दिसत होता. आर्यन म्हणाला, "आत्या कुठाय?" मी म्हटलं, उजेडाच्या मागे आहे. पोरगं नऊ वर्षांचं आहे, त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी रागावून लिहीत नाहीये. तुझ्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो. जिने एकदा ते सगळं घरात बघितलं, तिने दुसऱ्यांदा त्या दारात का उभं राहावं? तू डबे पाठवतेस तेही मला कळतात. प्लॅस्टिकचे, परत द्यायला नकोत असे. पुरणपोळी चांगली झाली होती. संचिता ते डबे धुऊन ठेवते, त्यांची चळत आता खिडकीपर्यंत आली आहे.

इकडची बातमी म्हणजे फारशी काही नाही. उशाशी ऑक्सिजनचं मशीन आहे, ते दिवसभर पाण्याच्या मोटरीसारखं घुंघुं करतं. नळी नाकात असली की बसून राहता येतं, संडासापर्यंत जाता येतं. आंघोळीला संचिता स्टूल ठेवते. ती कामावर जाते तेव्हा शेजारच्या केशरबाई अधूनमधून डोकावतात, "काय रे, आहेस ना?" असं दारातूनच विचारतात. मी हात वर करतो. वीज गेली की मात्र सगळ्यांची तारांबळ उडते. डॉक्टरांनी माझ्यापासून काही लपवलेलं नाही. हे बरं होणारं नाही, हळूहळू कमीच होत जाणार आहे. किती हळू, ते त्यांनाही माहीत नाही.

गेल्या आठवड्यात तू फोनवर सान्वीची तक्रार केलीस. नववीत गेली आणि शेफारली, तुझ्याजवळ झोपत नाही, हॉलमध्ये अंथरूण घालते, ताट-वाटी स्वतःची वेगळी घासून वेगळी ठेवते, लाडाने जवळ घ्यायला गेलीस तर अंग चोरते. तू म्हणालीस, "वयात आली, आता आई नकोशी झालीय." मी तेव्हा हूं म्हटलं. त्यावर मला लिहायचं आहे, पण एकदम नाही. मला जरा मागून यावं लागेल, तू कंटाळू नकोस.

कोपरीची आपली खोली आठवते ना? ती शहाबादी फरशी. राखाडी, मध्येच निळसर, कडा कुठे सरळ नाहीत. मे महिन्यात आपण दोघं शर्ट-फ्रॉक वर करून पोट त्या फरशीला लावून पडायचो, आणि पोटाखालची जागा गरम झाली की एक वीत पुढे सरकायचो. असं सरकत सरकत दारापर्यंत. बाबा वागळे इस्टेटमधून पाळी संपवून आले की आपल्याला ओलांडून आत जायचे आणि आईला म्हणायचे, "ह्या मगरी कधी आणल्यास?" चुलीच्या कोपऱ्यातल्या फरशीला आईच्या खलबत्त्याने खड्डा पडला होता. आई तेव्हा खाली बसूनच स्वयंपाक करायची. मग तिचे गुडघे गेले आणि बाबांनी ओटा घालायचा ठरवला, आणि त्या ओट्यापायी आपल्या घरात प्रेम दाजी आले.

तेव्हा ते कुठले दाजी, उस्तादाच्या हाताखालचा एक किडकिडीत मुलगा. रिक्षातून कडप्प्याच्या दोन लाद्या आणल्या, काळ्या कुळकुळीत, आणि दारातच कटर लावला. कापताना दगडावर पाण्याची धार सतत पडायला लागते, म्हणून त्यांनी पाणी मागितलं आणि आईने तुला तांब्या घेऊन उभं केलं. तू ओतत होतीस, ते कापत होते, आणि काळं पाणी गटारात जात होतं. पिंप अर्धं झालं तशी आई ओरडली, "आम्हाला पाणी तासभर येतं रे बाबा. तुझ्या दगडाला किती पाजशील?" ते मान खाली घालूनच म्हणाले, "मावशी, दगडाला पाणी पाजलं की तो भांडत नाही." तू हसलीस आणि पाणी त्यांच्या पायावर ओतलंस. ओटा एका दिवसात व्हायचा, तो त्यांनी चांगला लांबवला. आई नंतर कितीतरी वर्षं ऐकवायची, "एका ओट्यात माझी पोरगी गेली."

मी बारावीत नापास झालो तेव्हा त्यांनीच मला हाताशी घेतलं. दगड ओळखायला त्यांनी शिकवलं. डॉक्टरांनी मला अलीकडे एक प्रश्न विचारला त्यामुळे ते दिवस सारखे समोर येतात, म्हणून लिहितो. कडप्पा काळा, थरांचा, ओट्याला आणि मांडणीला. शहाबाद आणि तांदूर घरातल्या जमिनीला, गरिबाची फरशी, पण पायाला तिच्यासारखं सुख नाही. कोटा हिरवट, जिन्यांना आणि शाळांना, जितका वापराल तितका गुळगुळीत. जैसलमेर पिवळा, ज्याला पैसा दाखवायचाय पण ओरडून नाही, त्याच्यासाठी. संगमरवर देवघराला, आणि लिंबू सांडलं की रडणारा. आणि ग्रॅनाइट, सगळ्यांत टणक, ना डाग पडत ना चरा. दाजी लादीवर बोटाचं पेर वाजवून ऐकायचे. नीट वाजली नाही तर आत भेग आहे, घ्यायची नाही. शीळफाट्याला दुकानांच्या रांगांत लाद्या लोखंडी घोड्यांवर उभ्या असतात, तिथे आम्ही दोघं वाजवत फिरायचो. दुकानदार म्हणायचा, "खरीदना है कि तबला बजाना है?" दाजी म्हणायचे, "पहले सुर मिलने दो."

मग बांधकामं वाढली. घोडबंदर, पलावा, कल्याणचे टॉवर. ओटा कडप्प्याचा नको, ग्रॅनाइटचा हवा. पुढे ग्रॅनाइटही जुना झाला, आला क्वार्ट्झ. पांढरा शुभ्र, कारखान्यात तयार केलेला, त्याला डागही नाही आणि रेषाही मनासारखी. दाजींनी स्वतःचं काम सुरू केलं, आम्ही चारजण, गणू, हर्षित, मी आणि ते. तू व्हिजिटिंग कार्ड छापायचा आग्रह धरलास, "मिस्त्री नका लिहू, कॉन्ट्रॅक्टर लिहा." त्यांनी लिहिलं. डोंबिवलीत फ्लॅट घेतला, त्याची फरशी त्यांनी एकट्याने बसवली. हॉल आणि आतल्या खोलीच्या मध्ये दारात टेलिफोन ब्लॅक नावाच्या ग्रॅनाइटची काळी पट्टी टाकली, जमिनीला अगदी सपाट, बोट फिरवलं तरी जोड लागू नये अशी.

एक गोष्ट तुला माहीत नसेल, कारण साइटवर तू कधी आली नाहीस. राहत्या बिल्डिंगमध्ये पाणी टाकून कापता येत नाही. पाणी खालच्या मजल्यावर झिरपतं, त्यांच्या छताला डाग पडतो, सेक्रेटरी काम बंद पाडतो. म्हणून कोरडंच कापायचं. आणि कोरडं कापलं की पांढऱ्या पिठासारखी धूळ सगळ्या घरभर होते, गिऱ्हाइकाचं नवीन फर्निचर, पडदे. म्हणून आम्ही बाथरूममध्ये जाऊन दार लावून घ्यायचो, आतून खालच्या फटीला ओलं फडकं लावायचो आणि कापायचो. धूळ बाहेर गेली नाही की गिऱ्हाईक खूश. दाजींना त्याचा अभिमान होता. आमच्या कामात कोणाच्या सोफ्यावर कण सापडणार नाही, असं ते शब्द देऊन सांगायचे. बाहेर आलो की एकमेकांना बघून हसायचो, भुवया-पापण्या पांढऱ्या, चार म्हातारे. आणि संध्याकाळी गूळ खायचा. गूळ खाल्ला की धूळ पोटात उतरून निघून जाते, हे उस्तादाने दाजींना सांगितलेलं, दाजींनी आम्हाला. तू आमच्यासाठी कोल्हापुरी गुळाचे खडे डब्यात घालायचीस. माणूस किती मनापासून गूळ खातो, ताई, तेव्हा.

दाजी आजारी पडले ते तुला मी काय सांगणार. पण त्यातला एक दिवस सांगतो, कारण त्या दिवशी तू बाहेर केसपेपरच्या रांगेत होतीस आणि त्यांच्यासोबत आत मी होतो. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? दाजी ताठ बसले आणि म्हणाले, "इंटिरियर कॉन्ट्रॅक्टर." डॉक्टरांनी मान हलवली. कॉन्ट्रॅक्टर म्हणजे खुर्चीत बसून माणसांना ओरडणारा, असंच कोणालाही वाटेल. मलाही त्या उत्तरात काही चुकलं असं वाटलं नाही, उलट बरं वाटलं. फोटो काढला, छातीत डाग होते, वजन उतरलं होतं, खोकला होता. टीबीची औषधं सुरू झाली. थुंकीत काही सापडलं नाही, पुन्हा तपासली तेव्हाही नाही. डॉक्टर म्हणाले, कधी कधी सापडत नाही.

त्यांनी सांगितलं तसं तू केलंस, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. दाजींना आतली खोली दिली. त्यांच्या ताटाला मागून नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलास. टॉवेल वेगळा, बादली वेगळी, खिडकी सतत उघडी. आणि सान्वीला, तेव्हा ती सहावीत होती, काळ्या पट्टीच्या पलीकडे जायचं नाही म्हणून बजावलंस. ती पट्टीच्या अलीकडे मांडी घालून बसायची, अगदी कडेला, पायाचा अंगठा पट्टीला लावून. दाजींनी मग कॅरमचा स्ट्रायकर मागवला. पलंगावरून वाकून ते तो जमिनीवरून सोडायचे, तो त्या गुळगुळीत फरशीवरून, पट्टीवरून, कुठेही न अडखळता सरळ तिच्या मांडीशी यायचा. ती परत पाठवायची. आणि दर खेपेला तू मध्ये येऊन डेटॉलच्या फडक्याने तो पुसायचीस. मी एकदा आलो होतो तेव्हा दाजी मला दम लागत लागत म्हणाले, "बघ, जोड कसा बसलाय. स्ट्रायकर थांबत नाही." मी त्यांना विचारलं, पोरीला एकदा आत बसू द्यायचं का, लांबून का होईना? ते म्हणाले, "नको. कल्पिताने जे सांभाळलंय ते मी मोडणार नाही. ती पट्टीच्या पलीकडे आहे ना, मला त्यातच बरं वाटतं." हे त्यांचे शब्द आहेत. पुढचं वाचताना हे विसरू नकोस.

बायका स्मशानात येत नाहीत, त्यामुळे तिथलंही तुला माहीत नाही. अग्नी दिल्यावर मडकं फोडायला आणि नंतर दहाव्यापर्यंत ठेवायला एक दगड लागतो, जीवखडा. गेलेल्या माणसाच्या नावाने त्यावर पाणी सोडतात. गुरुजी म्हणाले, एक खडा उचला. दाजींच्या चुलतभावाने खाली बघितलं. स्मशान नवं केलेलं, सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि टाइल्स, एक खडा नाही. सगळे शोधायला लागले. जन्मभर दगडात काढलेल्या माणसाला एक दगड मिळेना. मी पँटच्या खिशात हात घातला, तर साइटवरचा ग्रॅनाइटचा तुकडा निघाला, कोपरा कापलेला, एक बाजू पॉलिशची. तो दिला. त्यावर दहा दिवस पाणी पडलं आणि तोच दुर्गाडीच्या खाडीत गेला. मला तेव्हा वाटलं, बरोबर झालं, त्यांच्याच हातचा दगड. आता तो तुकडा आठवला की वाटतं, आपण त्यांच्या नावाने कोणाला पाणी पाजत होतो. माझ्यासाठी मी संचिताला सांगून ठेवलंय, ग्रॅनाइट नको. कोपरीची चाळ पाडली तेव्हा दाजींनी आईच्या खड्ड्याची ती शहाबादी फरशी खांद्यावरून उचलून माझ्याकडे आणली होती. तिचा कोपरा तुटलेला आहे, त्यातला तुकडा चालेल. उरलेली माझ्या पलंगाशेजारी टाकली आहे. तू आलीस तर बसायला तीच आहे.

मला खोकला लागला तेव्हा कोणाला काही विचारावंच लागलं नाही. घरात एक टीबी होऊन गेला होता, दुसरा आला. तीच औषधं, तोच लाल ठिपका, फक्त आमच्या घरात नेलपॉलिश गुलाबी होती. संचिता आर्यनला घेऊन स्वयंपाकघरात झोपायला लागली. औषधांचा कोर्स पूर्ण झाला, आणखी वाढवला, दम वाढतच गेला. मग एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होत्या. काम काय, असं त्यांनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत संचिता म्हणाली, "दगड कापतात. बाथरूममध्ये कोंडून घेऊन कापतात." मला राग आला, चारचौघांत असं सांगतात का. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कोणते दगड?"

ताई, इतक्या वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी आनंदाने सांगायला लागलो. कडप्पा, शहाबाद, तांदूर, कोटा, जैसलमेर. त्या नुसत्या ऐकत होत्या. ग्रॅनाइट म्हटल्यावर त्यांनी लिहायला घेतलं. क्वार्ट्झ म्हटल्यावर विचारलं, किती वर्षं, पाणी टाकून की कोरडं. मग त्यांनी समजावून सांगितलं. आधीचे सगळे चुनखडीच्या जातीचे, धूळ त्यांचीही वाईट, पण जे काचेसारखं बारीक छातीत रुतून बसतं ते त्यांत थोडं. ग्रॅनाइटमध्ये बरंच. आणि क्वार्ट्झ म्हणजे जवळजवळ सगळं तेच, नुसतं डिंकाने चिकटवलेलं. ते आत गेलं की बाहेर येत नाही, फुप्फुस त्याच्याभोवती घट्ट होत जातं. त्याला सिलिकोसिस म्हणतात. मी विचारलं, गुळाने काही? त्या हसल्या नाहीत, नुसतं नाही म्हणाल्या. मग मी सोबत काम करणाऱ्यांचं सांगितलं. गणू टीबीने गेला, लक्ष्मीवहिनी आता मुलांना घेऊन गावी असते. हर्षितला टीबीची औषधं चालू आहेत. त्यांनी विचारलं, "यांच्या बायकांना झाला? मुलांना? एकाच खोलीत राहणाऱ्या कोणालाच नाही?" मी आठवून बघितलं. कोणालाच नाही. त्या म्हणाल्या, "तुमचा हा आजार कोणाला लागत नाही. जवळ झोपून नाही, एका ताटात जेवून नाही." त्या दिवशी घरी आल्यावर संचिताने ताटावरचा गुलाबी ठिपका सुरीने खरवडून काढला. आर्यन माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपला. माझा हात बधिर झाला तरी मी हलवला नाही.

हे वाचून तू थांबली असशील. तुला पुढचा प्रश्न पडला असेल. मलाही त्याच क्षणी पडला होता, त्या डॉक्टरीणबाईंसमोर. दाजींचा छातीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरला दाखवायला म्हणून काढलेला. तो मी त्यांना दाखवला. त्यांनी मोठा करून बघितला, बराच वेळ. आणि माझ्या फोटोशेजारी धरला. त्यानंतर दिवाळी आली, तुझा भाऊबीजेचा फोन आला, डबे आले, आणि मी प्रत्येक वेळी गप्प बसलो. तुला इथे बोलवायचं तर हा आजार लागत नाही एवढं सांगितलं की पुरे होतं. पण तेवढंच सांगता येत नाही. ते सांगितलं की पुढचं तू आपणहून समजणार, आणि मग त्या पट्टीपाशी जाऊन बसणार. म्हणून मी ठरवलं होतं की तू नाही आलीस तरी चालेल. तू मला घाबरून लांब राहा, पण ते तुला कळायला नको. मी हे तसंच घेऊन गेलो असतो.

पण मंगळवारी दुपारी सान्वी आली होती. क्लास बुडवून, एकटी, तुला न सांगता. तिला ओरडू नकोस. दारात उभी राहिली, शाळेच्या कपड्यांत, दप्तर पोटाशी धरून. मी म्हटलं, अगं आत ये. म्हणाली, "नको मामा, इथूनच." आमच्या दारात पट्टी नाही, साध्या टाइल्स आहेत, तरी ती जिथे पट्टी असायला हवी तिथे बरोबर थांबली. मग एका दमात बोलली. दाजी गेले त्याच्या आदल्या दिवशी तू औषधं आणायला खाली गेली होतीस. तेव्हा ती पट्टी ओलांडून आत गेली. दाजी म्हणाले, "जा, आई ओरडेल." ती गेली नाही. त्यांच्या कुशीत शिरून पडून राहिली. मग त्यांनीही जा म्हटलं नाही, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तू जिना चढेपर्यंत तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी ते गेले. आम्ही स्मशानातून आलो तेव्हा गॅलरीत ती मला घट्ट बिलगली होती, ते मलाही आठवतं. "मामा," ती म्हणाली, "तुला माझ्याकडून झालं ना? बाबांचं माझ्यात आलं आणि माझ्याकडून तुला." ताई, ती वयात आली म्हणून तुझ्यापासून लांब झोपत नाही. ती ताट वेगळं ठेवते ते तुला होऊ नये म्हणून. तीन वर्षं ती तुला जपतेय, तू तिला जपलंस तसंच, तुझ्याकडूनच शिकून. मी तिला म्हटलं, माझं दगडाच्या धुळीचं आहे, कोणाकडून आलेलं नाही, कोणाला जाणार नाही. तिने लगेच विचारलं, "मग बाबांचं?" मी म्हटलं, आधी तुझ्या आईशी बोलतो. ती मान हलवून निघून गेली. तिला द्यायचं उत्तर तुझ्याकडे असावं म्हणून हे पत्र आहे. दाजींना टीबी नव्हता. कधीच नव्हता. जे माझ्या छातीत आहे तेच त्यांच्या छातीत होतं. तू डॉक्टरांचं ऐकलंस, दाजींनी तुझं ऐकलं, आणि मुलीला वाचवायचं म्हणून जे कोणीही केलं असतं ते तू केलंस. ते फुकट गेलं हे खरं आहे, ते मी गोड करून लिहू शकत नाही. पण ते अगदीच कोणाचा हात न लागता गेले, असं तू इतके दिवस समजत असशील तर तसं झालं नाही. त्यांची मुलगी त्यांच्या कुशीत होती. सुरुवातीला मी लिहिलं की तू इथे यायला हवीस. अजूनही हवीस, फरशी पलंगाशेजारी पडलेली आहे, पण माझं नंतर बघू. पत्र दुपारी मिळेल. रडायचं तेवढं रडून घे, पण सान्वी क्लासवरून यायच्या आत तोंड धू. तिला सगळं सांग, आणि आज तिचं ताट तुझ्या ताटाला चिकटून मांड.

तुझाच, तुझ्या पाठचा,
सूरज